कंपवात की औषधांची साखळी? ७८ वर्षांच्या एका रुग्णाचे प्रकरण

वृद्ध रुग्णाच्या बाबतीत एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो, त्यावर दुसरे औषध सुरू होते, आणि त्या दुसऱ्याच्या दुष्परिणामावर तिसरे. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या वैद्यकीय संशोधकांनी १९९०च्या दशकात या प्रकाराला नाव देऊन त्याची मांडणी केली. मराठीत त्याला औषधांची साखळी म्हणता येईल. पुढील प्रकरणात अशी साखळी सुमारे अडीच वर्षे कोणाच्याही लक्षात न येता वाढत गेली. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. रुग्णाचा उल्लेख ‘आजी’ असाच केला आहे.

पार्श्वभूमी

आजींचे वय ७८ वर्षे आणि वजन ४६ किलो. उच्च रक्तदाब आणि मधुमेह अनेक वर्षांपासून, दोन्ही गुडघे झिजलेले. त्या मुलीकडे राहत होत्या. अडीच वर्षांपूर्वीपर्यंत घरात स्वतःची कामे स्वतः करत, रोजच्या खर्चाची नोंद वहीत लिहीत आणि काठीशिवाय चालत.

आमच्याकडे त्या आल्या तेव्हा चाकाच्या खुर्चीत होत्या. आठवड्यापूर्वी पहाटे शौचालयाकडे जाताना पडून डाव्या मनगटाचे हाड मोडले होते. चेहरा निर्विकार, हालचाली मंद, दोन्ही हातांना कंप. गेल्या सहा महिन्यांत विसराळूपणा वाढला होता आणि संध्याकाळ झाली की खोलीत कोणीतरी उभे आहे असे भास होत होते. तोंड सतत कोरडे पडे, बद्धकोष्ठता होती, लघवी थांबत थांबत होत असे. कंपवाताचे म्हणजे पार्किन्सन्सचे निदान दीड वर्षापूर्वी झाले होते. स्मृतिभ्रंशाची शक्यता महिनाभरापूर्वी एका डॉक्टरांनी बोलून दाखवली होती आणि डोनेपेझिल सुरू करण्याची चिठ्ठीही दिली होती, पण ते औषध अजून आणलेले नव्हते.

मुलीने पहिल्याच भेटीत विचारले, “डॉक्टर, हे सगळं वयामुळेच आहे ना?” ही शंका अगदी स्वाभाविक होती, आणि तिला घाईने होकार न देणे हेच या प्रकरणातले पहिले महत्त्वाचे काम ठरले.

पिशवीत काय होते

मुलीला घरातली सर्व औषधे, मलम, थेंब आणि चूर्णांसकट, एका पिशवीत भरून आणायला सांगितले होते. चिठ्ठ्यांवरून औषधांची यादी करण्यापेक्षा प्रत्यक्ष गोळ्या पाहणे नेहमीच अधिक विश्वासार्ह असते, कारण चिठ्ठीत लिहिलेले आणि पोटात जाणारे यांत बरेच अंतर पडलेले असते. टेबलावर पाकिटे मांडल्यावर तेरा औषधे निघाली. ती पाच वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली होती आणि बरीचशी मिश्र गोळ्यांच्या रूपात असल्यामुळे त्यांत एकूण सतरा घटक होते.

रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची मिश्र गोळी सकाळी, वेगळ्या ब्रँडची अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रात्री, आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची मिश्र गोळी दोनदा. चक्करेसाठी सिनॅरिझिन आणि डायमेनहायड्रिनेटची मिश्र गोळी, शिवाय प्रोक्लोरपेराझिन, दोन्ही दिवसातून दोनदा. कंपवातासाठी लेवोडोपा-कार्बिडोपा तीनदा आणि ट्रायहेक्सिफेनिडिल दोनदा. गुडघ्यांसाठी अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची मिश्र गोळी, पित्तासाठी पँटोप्राझोल, झोपेसाठी क्लोनाझेपाम, पोट साफ होण्यासाठी लॅक्टुलोज आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन.

प्रोक्लोरपेराझिनच्या पट्टीवर मुलीने बॉलपेनने ‘चक्कर’ असे लिहिले होते. त्या गोळ्यांची मूळ चिठ्ठीही पिशवीत सापडली. तिच्यावर मुदत स्पष्ट होती, पंधरा दिवस. गोळ्या घेतल्यावर बरे वाटले, म्हणून रिकामी पट्टी दाखवून त्या पुन्हा पुन्हा आणल्या गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ चालू राहिल्या. ज्या मेंदूविकारतज्ज्ञांनी कंपवाताचे निदान केले त्यांनी कोणती औषधे चालू आहेत असे विचारले होते. मुलीने बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या सांगितल्या. चक्करेच्या गोळ्या तिच्या लेखी औषधांत मोडतच नव्हत्या, त्या लागेल तेव्हा घ्यायच्या साध्या गोळ्या होत्या.

काळाची रेषा

यानंतर कागदावर एक आडवी रेषा काढून वरच्या बाजूला प्रत्येक औषध सुरू झाल्याचा महिना आणि खालच्या बाजूला प्रत्येक लक्षणाचा महिना लिहिला. औषधांच्या तारखा चिठ्ठ्यांवर होत्या. लक्षणांच्या तारखा मात्र कोणाला नेमक्या आठवत नव्हत्या, आणि येथे आजींची खर्चाची वही उपयोगी पडली. पानामागून पान पाहताना अक्षर एका विशिष्ट काळापासून बारीक होत गेलेले आणि ओळीच्या शेवटाकडे आक्रसलेले स्पष्ट दिसत होते. अक्षर लहान होणे हे हालचाली मंदावण्याचे ओळखीचे लक्षण आहे. ते चक्करेच्या गोळ्या सुरू झाल्यानंतर चारेक महिन्यांनी दिसू लागले होते, त्याआधीच्या पानांवर त्याचा मागमूस नव्हता.

संपूर्ण क्रम असा निघाला. अडीच वर्षांपूर्वी न्यूमोनियासाठी रुग्णालयात असताना रक्तदाबाची नवी मिश्र गोळी सुरू झाली. डिस्चार्जच्या कागदावर जुनी अ‍ॅम्लोडिपिन बंद करावी असे लिहिलेले नव्हते, त्यामुळे ती चालूच राहिली आणि आजींना रोज दुप्पट अ‍ॅम्लोडिपिन मिळू लागली. या औषधाने पायांवर सूज येऊ शकते आणि मात्रा वाढली की सुजेची शक्यताही वाढते. सूज आली, तिच्यासाठी क्लोरथॅलिडोन आले. रक्तदाब आणखी खाली गेला आणि उठताना चक्कर येऊ लागली. चक्करेसाठी सिनॅरिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन आले. ही दोन्ही औषधे डोपामिन या हालचाली नियंत्रित करणाऱ्या मेंदूतील रसायनाचे कार्य रोखतात. दीर्घकाळ घेतल्यास, विशेषतः वृद्धांमध्ये, हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे निर्माण होऊ शकतात. तशी ती झाली. त्यांच्यावर लेवोडोपा आले, ज्यामुळे उभे राहिल्यावर रक्तदाब आणखी घसरतो, आणि ट्रायहेक्सिफेनिडिल आले, ज्याने तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे, विस्मरण आणि भास ही सर्व लक्षणे संभवतात. डायमेनहायड्रिनेटचा परिणामही त्याच जातीचा असल्याने भर पडली. बद्धकोष्ठतेसाठी लॅक्टुलोज, रात्रीच्या अस्वस्थतेसाठी क्लोनाझेपाम, आणि आता विस्मरणासाठी डोनेपेझिल दारात उभे होते.

तपासणीत काय आढळले

आडवे असताना रक्तदाब १३६/७४ होता, उभे राहिल्यावर एका मिनिटात १०४/६०. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ती घसरण लक्षणीय मानतात. गेल्या अडीच वर्षांच्या कागदांत आजींचा रक्तदाब अनेकदा नोंदवलेला होता, पण प्रत्येक वेळी बसलेल्या स्थितीत. बसून मोजलेला आकडा व्यवस्थित दिसत असल्यामुळे चक्करेचे कारण कानात शोधले गेले.

रक्तातील सोडियम १२९ होते, क्लोरथॅलिडोनच्या वर्गातील औषधांमुळे ते कमी होऊ शकते आणि त्यानेही गोंधळलेपणा वाढतो. एचबीए१सी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ६.२ टक्के होती, आणि पहाटेच्या रक्तातील साखरेची एक नोंद ६८ मिलिग्रॅमची होती. ७८ वर्षांच्या, पडण्याचा धोका असलेल्या रुग्णात साखर इतकी घट्ट आवळून ठेवण्याने लाभ थोडा आणि धोका मोठा. लघवी झाल्यानंतरही मूत्राशयात सुमारे १८० मिलिलिटर लघवी शिल्लक राहत होती. स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी १८ गुण मिळाले.

क्रिएटिनिनचा आकडा १.१ होता आणि प्रयोगशाळेच्या कागदावर तो सामान्य मर्यादेत छापलेला होता. वृद्धांच्या बाबतीत हा आकडा फसवा ठरतो, कारण स्नायू कमी झाले की क्रिएटिनिन मुळात कमीच तयार होते. वय, वजन आणि लिंग लक्षात घेणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने (१९७६) हिशेब केला तर आजींच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३१ मिलिलिटर इतकीच येते. अशा मूत्रपिंडांवर टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक ही तिन्ही एकाच वेळी चालू होती. टेल्मिसार्टनच्या गटातील रक्तदाबाचे औषध, मूत्रल (लघवी वाढवणारे, येथे क्लोरथॅलिडोन) आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक यांचे हे त्रिकूट मूत्रपिंडे अचानक निकामी करू शकते. एखाद्या दिवशी जुलाब-उलट्या झाल्या असत्या तर तेवढे निमित्त पुरले असते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय डोनेपेझिल सुरू करण्याचा. कुटुंबाची अपेक्षा तीच होती. तथापि ट्रायहेक्सिफेनिडिल मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलिन या स्मरणशक्तीशी संबंधित रसायनाचे कार्य रोखते आणि डोनेपेझिल ते वाढवते. एकाच रुग्णाला दोन्ही देणे म्हणजे गाडीचा ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबणे. शिवाय डोनेपेझिलने नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. स्मृतिभ्रंशाचे निदान हे संशयित औषधे बंद होऊन काही काळ गेल्याशिवाय करायचेच नाही असे ठरवले, आणि हा पर्याय बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय रुग्णालयात दाखल करून सर्व संशयित औषधे एकदम बंद करण्याचा. तो वरवर निर्णायक वाटतो, पण लेवोडोपा अचानक थांबवल्यास ताप, अंग ताठरणे आणि शुद्ध हरपणे असा जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो. क्लोनाझेपाम एकदम बंद केल्याने झटके येऊ शकतात. शिवाय आधीच गोंधळलेल्या वृद्ध व्यक्तीला अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांत ठेवल्याने संभ्रम वाढतो, हे वेगळेच.

तिसरा पर्याय घरीच, टप्प्याटप्प्याने औषधे कमी करण्याचा, आणि तोच निवडला. पण त्यात खरा पेच क्रमाचा होता. कंपवाताची औषधे आधी काढायची की कंप निर्माण करणारी? मेंदूविकारतज्ज्ञांशी फोनवर सविस्तर बोलणे झाले. त्यांनी एक महत्त्वाची शंका काढली: काही रुग्णांत खरा कंपवात सुप्त असतो आणि अशी औषधे त्याला फक्त उघड करतात, त्यामुळे औषध बंद करूनही लक्षणे राहू शकतात. डोपामिन वाहकांचे विशेष स्कॅन या दोहोंत फरक करायला मदत करते, कारण केवळ औषधजन्य कंपात ते सहसा सामान्य येते. मात्र स्कॅनचा निष्कर्ष काहीही आला तरी सिनॅरिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन बंद करणे आवश्यकच होते. म्हणून स्कॅन पुढे ढकलले, ती दोन औषधे आधी बंद करायची आणि तोवर लेवोडोपाला हात लावायचा नाही, यावर दोघांचे एकमत झाले.

केलेली कार्यवाही

एका वेळी एकच औषध बदलावे हा सर्वमान्य नियम आहे, कारण काहीही बिघडले किंवा सुधारले तर कारण कळते. येथे तो नियम पहिल्याच दिवशी जाणीवपूर्वक मोडला. दुबार अ‍ॅम्लोडिपिन, क्लोरथॅलिडोन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, ग्लिमेपिराइड, सिनॅरिझिनची मिश्र गोळी आणि प्रोक्लोरपेराझिन ही सर्व त्याच दिवशी बंद केली. या मात्रांत यांपैकी कोणतेही हळूहळू कमी करण्याची गरज नव्हती, आणि पुन्हा पडणे, साखर उतरणे किंवा मूत्रपिंडे बिघडणे यांपैकी कोणताही धोका आठवडाभर तसाच ठेवणे परवडणारे नव्हते. चक्कर नेमकी कशाने थांबली हे यामुळे निश्चित सांगता येणार नाही, ही किंमत मान्य केली. मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅम एवढेच, वेगळ्या गोळीच्या रूपात ठेवले. गुडघ्यांसाठी साधे पॅरासिटामॉल, लावायचे वेदनाशामक जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले.

पाचव्या दिवशी मुलीचा फोन आला. आजींना मळमळत होते, चक्कर थोडी वाढल्यासारखी वाटत होती, आणि घाबरून तिने जुन्या पट्टीतली एक गोळी दिली होती. दीर्घकाळ घेतलेले असे औषध थांबवल्यावर काही दिवस मळमळ होऊ शकते आणि ती आपोआप शमते, हे समजावून सांगितल्यावर तिने उरलेल्या पट्ट्या घराबाहेर काढल्या.

दोन आठवड्यांनी सोडियम १३६ वर आले आणि उभे राहिल्यावर होणारी घसरण १२ अंकांवर आली, तेव्हा ट्रायहेक्सिफेनिडिल कमी करायला घेतले: एक आठवडा दिवसातून एकदा, पुढचा आठवडा अर्धी गोळी, मग बंद. वेदनाशामक गेल्यामुळे पँटोप्राझोलचे प्रयोजन संपले होते, तेही थांबवले. लेवोडोपाला नवव्या आठवड्यापर्यंत हात लावला नाही. त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धी गोळी या गतीने कमी केले आणि प्रत्येक टप्प्याआधी चालणे, खुर्चीतून उठणे आणि अक्षर पाहिले.

क्लोनाझेपाम सर्वात शेवटी ठेवले. झोपेची गोळी सोडायला रुग्ण स्वतः तयार असावा लागतो. कॅनडातील एका अभ्यासात (२०१४) अशा गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना धोके आणि हळूहळू सोडण्याची पद्धत समजावणारी पुस्तिका दिली, तर सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. आजींशी हे बोलणे त्यांचा गोंधळ ओसरल्यानंतरच केले. निर्णय त्यांच्या वतीने घेण्यापेक्षा त्यांना विचारून घेणे शक्य झाले, याला माझ्या मते इतर कोणत्याही आकड्याइतकेच महत्त्व आहे.

औषधे कमी करण्याच्या नादात एक गोष्ट निसटण्यासारखी होती. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले याचा अर्थ हाडे ठिसूळ आहेत आणि त्यासाठी उपचार हवा, पण तेरा औषधांच्या गर्दीत त्याचे एकही औषध नव्हते. वृद्धांना टाळावयाच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ मध्ये आली. २००८ मध्ये आयर्लंडमध्ये तयार झालेल्या निकषांत मात्र काय थांबवावे याच्या जोडीला काय सुरू करावे याचाही स्वतंत्र भाग ठेवला गेला, तो याच कारणासाठी. अ‍ॅलेंड्रोनेटसारखी नेहमीची औषधे मूत्रपिंडांची क्षमता ३५ च्या खाली असताना टाळतात, म्हणून ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची पातळी सुधारून नंतर दर सहा महिन्यांनी द्यायचे डेनोसुमॅब सुरू केले.

परिणाम

भास तिसऱ्या आठवड्यानंतर झाले नाहीत. पायांवरची सूज गेली. लॅक्टुलोजची गरज दोन महिन्यांत संपली आणि मूत्राशयात लघवी साठणे थांबले. चौथ्या महिन्यात आजी काठी घेऊन घरात चालू लागल्या होत्या, आणि सातव्या महिन्यात लेवोडोपा पूर्ण बंद झाले तरी चालण्यात फरक पडला नाही. स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २५ गुण आले. एचबीए१सी ७.३ झाले, जे या वयात स्वीकारार्ह आहे. या काळात त्या पुन्हा पडल्या नाहीत.

कोठे वेगळे करता आले असते

साखळी तोडण्याची सर्वात सोपी संधी पहिल्या डिस्चार्जच्या वेळी होती. नव्या औषधांच्या यादीबरोबर बंद करावयाच्या औषधांची यादी, ब्रँडनावांऐवजी घटकांच्या नावांनी, दिली असती तर दुबार अ‍ॅम्लोडिपिन त्याच दिवशी लक्षात आली असती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांपासून होणारी हानी टाळण्यासाठी जो जागतिक कार्यक्रम सुरू केला, त्यात रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातानाचा टप्पा, अनेक औषधे घेणारे रुग्ण आणि विशेष जोखमीच्या परिस्थिती हे तीन प्राधान्याचे विषय मानले आहेत. आजींच्या प्रकरणात यांतले पहिले दोन एकत्र आले होते.

दुसरी संधी चक्करेच्या तक्रारीच्या वेळी होती. उभे करून रक्तदाब मोजायला पाच मिनिटे पुरतात. तिसरी संधी औषधविक्रेत्याकडे होती: पंधरा दिवसांची गोळी महिनोन्महिने नेली जात आहे, हे प्रत्यक्ष दिसण्याची जागा तीच होती. कंपवाताच्या निदानाच्या वेळी ‘कोणती औषधे चालू आहेत’ याऐवजी ‘चक्कर, मळमळ, झोप, पोट यांसाठी काही घेता का’ असे एकेक नाव घेऊन विचारले असते तर उत्तर वेगळे मिळाले असते. मुलीला दोष देण्यात अर्थ नाही; तिला जे विचारले गेले त्याचे तिने प्रामाणिक उत्तर दिले.

आमच्या कार्यवाहीतही दोन गोष्टी आधी व्हायला हव्या होत्या. औषध बंद केल्यावर मळमळ होऊ शकते याची लेखी सूचना पहिल्याच दिवशी देता आली असती, आणि बंद केलेली औषधे त्याच दिवशी घरातून काढून घेता आली असती. त्या एका गोळीने नुकसान झाले नाही, पण फोन न करता ती रोज दिली गेली असती तर पुढचे सर्व आडाखे चुकले असते.

या प्रकरणाची माहिती वाचून कोणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत. लेवोडोपा आणि झोपेच्या गोळ्यांप्रमाणेच बीटा-ब्लॉकर, स्टेरॉइड, फिट्सवरची औषधे आणि नैराश्यावरची अनेक औषधे अचानक थांबवणे धोक्याचे असते.

अद्याप खुले असलेले प्रश्न

उजव्या हाताला, विश्रांतीच्या स्थितीत, बारीक कंप अजून आहे. औषधजन्य कंप ओसरायला काही वेळा सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो, आणि काही रुग्णांत तो खऱ्या कंपवाताची सुरुवात ठरतो. केवळ एकाच बाजूला असणे हे दुसऱ्या शक्यतेकडे झुकणारे आहे. वर्ष पूर्ण झाल्यावर तो टिकून असेल तर पुढे ढकललेले स्कॅन करायचे, असे मेंदूविकारतज्ज्ञांशी ठरले आहे. क्लोनाझेपाम आता रात्री पाव मिलिग्रॅमवर आहे; त्याखाली नेण्याचा एक प्रयत्न झोप उडाल्यामुळे मागे घ्यावा लागला, आणि पुढचा कधी करायचा हे आजींनी स्वतःकडे ठेवले आहे. डेनोसुमॅबचा पुढचा डोस लांबला तर मणक्यांची हाडे मोडण्याचा धोका वाढतो, म्हणून त्याची तारीख औषधांच्या तक्त्यावर सर्वात वर लिहिली आहे आणि तो तक्ता आता आजींचे सर्व डॉक्टर एकच वापरतात.